दोन बॉलच्या मधलं अर्धं मिनिट : बॅटिंगची मानसिक तयारी, पायरी-पायरीनं

नेटमध्ये पोरगं झकास खेळतं आणि मॅचमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओव्हरला हवेत मारून तंबूत येतं. घरचे म्हणतात ‘कॉन्सन्ट्रेशन नाही’, सर म्हणतात ‘डोकं वापर’, आणि पोरगं पुढच्या मॅचला जोश चढवणारा व्हिडिओ बघून जातं. नेमकं काय करायचं हे यात कुणीच सांगितलेलं नसतं. बॅटिंगची मानसिक तयारी ही ठरावीक क्रमानं करायच्या आठ-दहा छोट्या कृतींची गोष्ट आहे. पॅड बांधायला जसं शिकलात तसंच हेही शिकायचं. क्रम चुकला की सगळं फसतं, म्हणून हा लेख क्रमावरच आहे.

आधी एक हिशेब

तासाला १५ ओव्हर पडतात असं धरा. एका ओव्हरला ४ मिनिटं, म्हणजे एका बॉलच्या वाट्याला ४० सेकंद. बॉलर पळायला लागल्यापासून बॉल डेड होईपर्यंत, म्हणजे त्या बॉलचा खेळ थांबेपर्यंत, त्यातले सहा-सात सेकंद जातात. ५० बॉल खेळणारा बॅटर क्रीजवर तास-सव्वा तास असतो, पण डोळ्यांत तेल घालून बघण्याची वेळ त्याच्यावर एकूण सहा मिनिटंच येते. बाकीच्या तासाभरात मनानं कुठं असायचं हे ठरलेलं नसतं. मग ते मागच्या चुकीवर नाहीतर पुढच्या पन्नाशीवर जाऊन बसतं.

‘सगळा वेळ लक्ष एकवटून ठेव’ हा सल्ला म्हणूनच निकामी आहे. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ काढल्या, त्या आठ तासांत. आठ तास कुणाचं डोकं ताणलेलं राहत नाही. लक्ष चालू-बंद करता आलं पाहिजे, आणि बंद करणं जास्त अवघड आहे.

१. वही : मागच्या दहा विकेट (मॅचच्या तीन आठवडे आधी)

साधी शंभर पानी वही घ्या. आपण गेल्या दहा डावांत कसे आऊट झालो ते चार रकान्यांत लिहा.

- कितवा बॉल होता
- त्याच्या आधीच्या बॉलला काय झालं
- बॉल येताना मनात काय वाक्य होतं
- बॉल प्रत्यक्षात कसा होता

‘एलबी झालो’, ‘कॅच गेला’ एवढ्यानं भागत नाही. एक नोंद अशी दिसली पाहिजे : “१७वा बॉल. आधीच्यावर चौकार. मनात – अजून एक घेऊ. बॉल जरा आखूड, मिड-ऑफला हातात.”

दहा नोंदी झाल्या की दुसऱ्या रकान्यावरून बोट फिरवा. चौकारानंतर, सलग तीन डॉटनंतर (बिनधावेच्या बॉलनंतर), जोडीदार गेल्यावर, ड्रिंक्सनंतर, असा एखादा प्रसंग तीन-चारदा सापडेल. तोच तुमचा खड्डा. सगळ्यांचा सारखा नसतो, म्हणून दुसऱ्याचं औषध आपल्याला लागू पडत नाही.

*सावध :* तिसरा रकाना आठवत नसेल तर रिकामा सोडा. आता बसून रचलेलं वाक्य कामाचं नाही. पुढच्या डावापासून आऊट झाल्यावर अर्ध्या तासात लिहायला लागा.

२. दोन बॉलच्या मधला क्रम बांधा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. क्रमाचे चार भाग आहेत : सोडणं, बघणं, ठरवणं, बॉल. यातला कुठलाच भाग दुसऱ्यात मिसळायचा नाही.

सोडणं (८ ते १० सेकंद). बॉल डेड झाला की क्रीजमधून स्क्वेअर लेगच्या बाजूला दोन-तीन पावलं बाहेर या. ग्लोव्हचा पट्टा उघडून परत लावा. नाकानं चारपर्यंत मोजत श्वास आत, तोंडानं सहापर्यंत मोजत बाहेर, एकदाच. नजर लांबच्या आणि क्रिकेटशी संबंध नसलेल्या वस्तूवर टाका. झाड, पाण्याची टाकी, काहीही. शॉट चुकला असेल तर बरोबर शॉटची एक शॅडो (बॉलशिवाय नुसती बॅट फिरवून) मारा आणि तिथंच विषय संपवा. दुसरी शॅडो म्हणजे स्वतःशी भांडण.

पट्टा उघडण्यामागं कारण आहे. ‘विसर’ म्हटल्यानं काही विसरत नाही, पण हाताच्या एका खुणेला ‘झालेला बॉल संपला’ असा अर्थ सरावानं जोडता येतो. कृती कुठलीही चालेल, ती रोज तीच पाहिजे.

बघणं (५ सेकंद). थर्ड मॅनपासून फाइन लेगपर्यंत एका दिशेनं नजर फिरवा. फिल्डर मोजू नका, रिकाम्या जागा बघा. फिल्डरकडं बघत राहिलं की बॉल त्याच्याच हातात जातो, ही तक्रार उगाच नाही. डोक्यात राहिलेलं शेवटचं चित्र त्याचंच असतं. कोण हलला, एवढीच नोंद घ्या.

ठरवणं (३ सेकंद). एकच वाक्य, आणि ते ‘जर-तर’ असं : “पुढं पडला तर सरळ, बाकी सोड.” शॉट आधी पक्का करणं वेगळं आणि कुठल्या बॉलला काय करायचं हे ठरवणं वेगळं. ताशी १२० किलोमीटरचा बॉल क्रीज ते क्रीज १७.६८ मीटर यायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. तेवढ्यात विचार करायला जागा नसते, म्हणून विचार इथं उरकून टाकायचा.

बॉल (६ ते ७ सेकंद). बॉलर मार्कवर वळला की क्रीजमध्ये. बॅट दोनदा आपटा, स्वतःचा शब्द एकदा मनात म्हणा. बॉलर पळत असताना नजर त्याच्या छातीच्या आसपास सैल ठेवा आणि शेवटच्या तीन पावलांत बॉल जिथून सुटणार त्या खिडकीवर न्या. ही खिडकी म्हणजे बॉलरच्या डोक्याच्या बाजूची वहीएवढी जागा. बॉलर मार्ककडं परत चालत असल्यापासून बॉलकडं टक लावणारे खूप भेटतात. डोळे तिथंच दमतात, आणि बॉल सुटायच्या वेळी पापणी लवते.

आता शब्दाबद्दल. दोन-तीन अक्षरांचा, आज्ञार्थी, आणि ज्या भाषेत तुम्ही मनाशी बोलता त्या भाषेतला घ्या. घरी ‘बघ रं’ म्हणत असाल तर ‘बघ रं’च, टीव्हीवर ऐकलेलं ‘वॉच द बॉल’ ऐन वेळी आठवत नाही. ‘नको’ असलेला शब्द टाळा. “बाहेरचा मारू नको” म्हटलं की डोळ्यांपुढं बाहेरचा बॉलच उभा राहतो. त्याऐवजी ‘सोड’. ‘घाई नको’ऐवजी ‘थांब’.

*तपासा :* पकड. दहापैकी तीन-चार एवढ्याच जोरानं बॅट धरलेली असावी. भीती आधी खालच्या हातात शिरते. तो आवळला की बॅटचं तोंड लवकर बंद होतं आणि सरळ जाणारा बॉल मिड-ऑनला उडतो. बॅट आपटताना खालच्या हाताची बोटं एकदा हलवून बघा. हलली नाहीत तर श्वास सोडा आणि परत धरा.

*सावध :* बॉलर पळत सुटला आणि तुमचा क्रम झालेला नाही, तर हात वर करून वेळेत बाजूला व्हा. तुम्ही तयार नसाल आणि बॉल खेळायचा प्रयत्नही केला नाहीत तर अंपायर डेड बॉल देतात. अर्धवट तयारीत बॅट घातलीत तर मात्र तो बॉल धरला जातो. हे प्रत्येक बॉलला करू नका. बॉलर सज्ज असताना बॅटरनंही सज्ज असावं, असं नियमच सांगतो, आणि वेळकाढूपणा अंपायरच्या डोळ्यावर येतो. स्पिनर बॉल पटापट टाकत असेल तर ‘सोडणं’ चार सेकंदांवर आणा. ‘ठरवणं’ मात्र कापू नका.

इथं होणाऱ्या चुका दोन. पहिली, बारा कृतींचा क्रम. स्टीव्ह स्मिथ क्रीजवर जी चुळबुळ करतो ती त्याला शोभते. तुम्हाला बारापैकी सातवी विसरल्याचं बॉल सुटताना आठवेल. दुसरी, अंधश्रद्धेला रुटीन समजणं. सचिन डावा पॅड आधी बांधायचा, यात बिघडत काही नाही. पण एखादी कृती राहिली तर बॉल नीट दिसायचा थांबणार आहे का, हे स्वतःला विचारा. नसेल, तर ती हौस आहे. हौस ठेवा, तिच्यावर विसंबू नका.

३. नेटमध्ये क्रम मुरवा

आपलं नेट क्रम मोडायलाच बनवल्यासारखं असतं. चार-पाच बॉलर रांगेत, दर दहा सेकंदाला एक बॉल, पंधरा मिनिटांत ऐंशी-नव्वद. बीट झालात (बॉल बॅटला चकवून गेला) तरी पुढचा हजर, दांडी उडाली तरी पुढचा हजर. मॅचमध्ये पहिल्यांदा तीस सेकंद मोकळे मिळतात आणि त्यांचं काय करायचं कळत नाही. नेटमधला शेर मॅचमध्ये ढेर होतो तो बहुतेक वेळा या तीस सेकंदांत.

उपाय असा :

- नेटचे शेवटचे १८ बॉल, म्हणजे तीन ओव्हर, मॅचसारखे खेळा. एका ओव्हरला एकच बॉलर, दोन बॉलमध्ये २५-३० सेकंद. एकूण नऊ मिनिटं.
- बॉलरनं फिल्ड तोंडानं सांगायची : “दोन स्लिप, पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ आत.”
- आऊट म्हणजे आऊट. बॅट काखेत मारून बाहेर. उरलेले बॉल गेले.

शेवटच्या नियमाला पोरं कुरकुरतात आणि सरांनाही दया येते. दया दाखवू नका. विकेटची किंमत कळायला याहून स्वस्त जागा नाही.

“मागं दहा जण थांबलेत, एकाला नऊ मिनिटं कुठून देऊ?” असं सर म्हणणारच. मग दोन बॅटर एका नेटला लावा, सहा-सहा बॉल आळीपाळीनं. एक खेळताना दुसरा पॅड बांधून नेटच्या मागं उभा. वाट बघण्याचा सरावही त्यातच होतो. आठवड्यातून दोन नेट, तीन आठवडे, दर वेळी १८ बॉल : क्रम १०८ वेळा होतो. त्यानंतर तो आठवावा लागत नाही.

घरी गच्चीवर बारा शॅडो बॉल, प्रत्येकात वीस सेकंदांचं अंतर, पॅड-ग्लोव्हज घालून. डोळे मिटून कल्पना करत असाल तर ती स्वतःच्या डोळ्यांतून दिसली पाहिजे, समोर बॉलर पळत येतोय अशी. बहुतेक जण टीव्हीवर बघितल्यासारखं स्वतःलाच सिक्स मारताना बघतात, त्याचा काही उपयोग नाही. बारापैकी चार बॉल सोडा, दोनवर बीट व्हा, आणि त्यानंतरचा श्वाससुद्धा घ्या.

*तपासा :* मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पॉइंटच्या बाजूनं सहा बॉल काढा. बॉल हातातून सुटतो ती फ्रेम थांबवा. डोकं स्थिर आहे का? मागची छोटी हालचाल संपली आहे का? सहापैकी पाचात ‘हो’ पाहिजे. तेवढं नसेल तर बॅट आपटणं एक ठोका आधी सुरू करा.

४. आदली रात्र

थोडक्यात उरका. बॅग रात्रीच भरा : ग्लोव्हजचे दोन जोड, एल-गार्ड (जांघेचं कवच), जादा लेस, टॉवेल, खडू. हेल्मेटचा पट्टा ओढून बघा. ६ नोव्हेंबर २०२३ला दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज क्रीजपर्यंत पोचला होता. पट्टा तुटला, दुसरं हेल्मेट येईपर्यंत वेळ संपली आणि बांगलादेशच्या अपिलावर त्याला टाइम्ड आऊट दिलं. तुमचा पट्टा ढिला आहे हे घरच्या दिव्याखाली कळलेलं बरं.

मग वहीत दोन ओळी. आज कुठले दोन शॉट खेळणार, कुठला एक कपाटात ठेवणार. २००४च्या जानेवारीत सिडनीत तेंडुलकरनं नाबाद २४१ काढल्या त्या कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बाजूला ठेवून, कारण आधीच्या डावांत तोच त्याचा घात करत होता. तुमचा कुठला, हे पहिल्या पायरीतली वही सांगते.

५. मॅचची सकाळ

मैदानावर टॉसच्या तासभर आधी. मैदान शास्त्रीनगरचं असो की राजाराम कॉलेजचं, क्रम हाच.

खाणं मॅचच्या साधारण दोन-अडीच तास आधी : पोहे, उप्पीट, चपाती-भाजी, केळं. सकाळी आठला कटाची मिसळ हाणून साडेनऊला ओपनिंगला जाणारे इथं कमी नाहीत. तिसऱ्या ओव्हरला ढेकर आणि पाचव्याला पाणी मागतात. मिसळ मॅच संपल्यावर, जिंकलात तर दोन.

*वडिलांसाठी :* गाडीवरून सोडायला येताना “आज पन्नास पाहिजेत बरं का” म्हणू नका. आकडा पोराच्या हातात नसतो. तोंड आवरत नसेल तर पाण्याची बाटली भरली का तेवढं विचारा.

खेळपट्टी आणि मागची बाजू. दोन्ही टोकांना, स्टान्स घेतो त्या जागी उभं राहून समोर बघा. साइटस्क्रीन (बॉलरच्या मागचा पडदा) नसलेली मैदानं भरपूर. बॉलरच्या हातामागं काय येतंय : पांढरी भिंत, झाडी, उभ्या केलेल्या गाड्या, की कट्ट्यावर बसलेली माणसं? माणसं हलवायला अंपायरला पहिल्या बॉलच्या आधी सांगायचं असतं. दांडी उडाल्यावर ‘दिसला नाही’ म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही.

खेळपट्टीवर मॅट (चटई) असेल तर पायानं ओढून बघा. घट्ट ताणलेल्या मॅटवर बॉल जास्त उसळतो, सैल मॅटवर बसतो. मॅटवर सराव करून टर्फवर (मातीच्या खेळपट्टीवर) उतरणाऱ्याला पहिल्या काही बॉलला उसळी कमी वाटते आणि पूल-कट अंगाशी येतो, म्हणून पहिले दहा बॉल ते दोन्ही बंद. आणखी एक बारीक गोष्ट : टर्फवर बुटानं गार्ड (उभं राहायच्या जागेची खूण) खरवडणं हा अनेकांच्या क्रमाचा भाग असतो. मॅटवर खरवडता येत नाही आणि पोरगं बावचळतं. खडूनं बोटभर खूण करा, किंवा खरवडण्याच्या जागी बॅट आपटणं हीच कृती दोन्हीकडं ठेवा.

नॉकिंग. वीस ते पंचवीस थ्रो, जास्त नाहीत. शेवटचे पाच सरळ बॅटनं आणि मधोमध बसलेल्या बॉलवर थांबा. बसतच नसेल तर बॅट ठेवून कॅच घ्या. त्या सकाळी तंत्र दुरुस्त करायचं नाही, कुणी सीनियर दादा “कोपर वर घे की” म्हणाला तरी. मान डोलवा आणि सोमवारी बघा.

६. पॅड बांधून वाट बघताना

सगळ्यात जास्त शक्ती इथं वाया जाते. चौथ्या नंबरचा बॅटर दोन तास प्रत्येक बॉल स्वतः खेळत बसतो आणि पाळी आली तेव्हा दमलेला असतो. दोन ओव्हर नीट बघा, मग चार ओव्हर गप्पा मारा. त्या दोन ओव्हरमध्ये एवढंच हेरा : बॉल आत येतोय की बाहेर जातोय, उसळी किती, कुठला फिल्डर डाव्या हातानं फेकतो, कुणाचा हात कच्चा आहे. दर पाच ओव्हरला उठून वीस मीटर हलकं पळा.

पुढची पाळी तुमची असेल तर तंबूच्या सावलीतून बाहेर या. मार्च-एप्रिलच्या उन्हात सावलीतून थेट क्रीजवर गेलात तर पहिले दोन बॉल डोळे मिचकावण्यात जातात. प्रकाशझोतातल्या टेनिस बॉल मॅचला उलटं करा, दिव्यांकडं थेट बघत बसू नका.

*तपासा :* विकेट पडल्यापासून तीन मिनिटांत तुम्ही किंवा तुमच्या जोडीदारानं पुढच्या बॉलला तयार असावं, असा मूळ नियम आहे. आंतरराष्ट्रीय वन-डेत दोन मिनिटं, टी-ट्वेंटीत नव्वद सेकंद. तुमच्या स्पर्धेचा आकडा सकाळीच विचारून ठेवा. ऑक्टोबर २०२२पासून आणखी एक बदल झालाय : झेल गेला आणि आधीचे दोघं एकमेकांना ओलांडून गेले असले, तरी ओव्हर संपली नसेल तर नवा बॅटरच स्ट्राइकवर येतो. ‘आधी नॉन-स्ट्रायकरला उभं राहून अंदाज घेऊ’ हे गृहीत धरून निघू नका.

७. क्रीजवर : पहिले दहा बॉल

१. चालत जा, पळत नको. जाताना आभाळाकडं एकदा बघा, डोळे उजेडाला सरावतात.

२. जोडीदाराला दोनच प्रश्न : “बॉल काय करतोय?” आणि “रन कुठं आहे?” आधीचा कसा गेला हे विचारू नका. तो सांगायला लागला तरी थांबवा.

३. गार्ड घ्या. मग सबंध क्रम एकदा, पहिल्या बॉलच्या आधी, घाई न करता.

४. लक्ष्य धावांत ठेवू नका, बॉलमध्ये ठेवा. दहा बॉल, त्यांत आदल्या रात्री लिहिलेले दोन शॉट, बाकी बॉल सोडणं. दहा झाले की मनात खूण करा आणि पुढच्या दहांचं ठरवा.

आठ-दहा ओव्हरच्या टेनिस बॉल मॅचला दहा बॉल ही चैन आहे, तिथं दोन. पण दोन पाहिजेतच. पहिल्याच बॉलला आडवी बॅट फिरवणाऱ्याचा जयघोष माइकवाला करतो, पुढच्या बॉलला निरोपही तोच देतो.

८. क्रम मोडतो ते क्षण

समजा तुम्ही २५ बॉलमध्ये १४वर आहात, मध्यमगती बॉलर, कीपर मागून बोलका.

पहिला बॉल बाहेर पडून आणखी बाहेर गेला, तुम्ही बीट. कीपर : “काय भावा, बॅटला भोक हाय काय?” उत्तर देऊ नका, हसूही नका. पट्टा, श्वास, झाड. बीट झालात म्हणजे बॉल चांगला होता आणि तो संपला. दुसरा बॉल तसाच. ‘सोड’ म्हणाला होतात, सोडलात. तिसरा पुढं पडला, मिड-ऑफच्या डावीकडून चार.

धोका आता चौथ्या बॉलला आहे. टाळ्या पडतायत, हात गरम आहेत, मनात ‘अजून एक’. चौकारानंतर ‘सोडणं’ दुप्पट करा : पंधरा-वीस सेकंद, जोडीदारापर्यंत चालत जा, ग्लोव्ह टेकवा, परत या. बॉलर आता लेंग्थ ओढणार, म्हणजे बॉल आखूड टाकणार, हे जवळपास ठरलेलं. वाक्य तेच ठेवा, “पुढं पडला तर सरळ, बाकी सोड.” बॉल आखूड येतो, खाली दाबता. पाचव्याला मांडीवरून एक धाव.

सहाव्याला तुम्ही नॉन-स्ट्रायकर. इथं विश्रांती घ्या, पण एक डोळा बॉलरच्या हातावर ठेवा. बॉल हातातून सुटेपर्यंत क्रीज सोडू नका; बॉलरनं तिथं गिल्ल्या उडवल्या तर ऑक्टोबर २०२२पासून तो साधा रनआऊट आहे. ‘खिलाडूवृत्ती’चा वाद घालत बाहेर जाण्यात अर्थ नाही.

बाकीचे खड्डे :

जोडीदार गेला. नवा येईपर्यंत क्रीजपासून दूर राहा, बसू नका. पुढचे सहा बॉल तुम्हीही नवे. पुन्हा पहिल्या दहांचं वाक्य वापरा.

तुमच्या चुकीनं रनआऊट झाला. सगळ्यात वाईट प्रसंग हाच. ‘त्याच्या वाटच्या धावा मी काढतो’ ही भरपाईची भावना दहा बॉलच्या आत विकेट घेते. माफी तंबूत गेल्यावर. क्रीजवर फक्त पट्टा आणि श्वास.

सलग डॉट. तीन झाले की मोठा फटका सुचायला लागतो. चौथ्याला ठरवून एक धाव शोधा, हलक्या हातानं खाली खेळून. फिल्डर आत असतील तर पाचव्याला. मान मोकळी होते.

ड्रिंक्स. पाणी प्या, पण संपल्यावर गार्ड नव्यानं घ्या आणि दोन शॅडो मारा. ब्रेकनंतरची ओव्हर म्हणजे पहिली ओव्हर. बारावा खेळाडू निरोप घेऊन आला तर एकच वाक्य ऐका. चार सांगत असेल तर त्याला पाण्याची बाटली परत द्या.

४०च्या पुढं. बोर्ड बघायचा तर ओव्हर संपल्यावर, ओव्हरमध्ये नाही. मैत्रमंडळी बाहेरून आकडा ओरडणारच. ‘बघणं’ या भागात नजर फिल्डवरून फिरवायची, बोर्ड त्यात येत नाही.

९. आऊट झाल्यावर

पहिली पंधरा मिनिटं कुणाशी बोलू नका आणि कुणी बोलायला येऊ नये अशी व्यवस्था करा. बॅट आपटायची तर बॅगेवर. पॅड सोडा, पाणी प्या, मग वही. चार रकाने भरा आणि पाचवा नवा काढा : आऊट झालो त्या बॉलच्या आधी चारही भाग झाले होते का, हो की नाही. ‘बहुतेक झाले’ म्हणजे नाही.

पाच डावांनी पाचवा रकाना बघा. ‘नाही’ तीन किंवा जास्त असतील तर क्रम अजून मुरलेला नाही. तंत्राला हात न लावता तिसऱ्या पायरीवर परत जा आणि १८ बॉल पुन्हा सुरू करा. ‘हो’ जास्त असतील आणि तरी त्याच शॉटला आऊट होत असाल, तर अडचण डोक्यात नाही, पायात किंवा पकडीत आहे. मग वही सरांच्या हातात द्या आणि चौथा रकाना उघडून दाखवा.